आधी प्रवाळ ठरवा, मग दिवा

खाऱ्या पाण्याचा टँक घरी आणायचं ठरलं की पुढचा प्रश्न हमखास येतो, “लाइट कोणता घेऊ?” मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणारी, नुकतीच नोकरीला लागलेली मुलं मोबाइलवर एखादा निळाशार चमकणारा टँक दाखवून हेच विचारतात. मी उलट विचारतो, “आत काय ठेवणार?” गोड्या पाण्यातल्या गप्पी किंवा एंजल माशांसाठी लावलेला दिवा मुख्यतः आपल्या डोळ्यांसाठी असतो. प्रवाळांचं तसं नाही. त्यांच्यासाठी उजेड म्हणजे रोजचं जेवण. जेवायला कोण आणि किती जण येणार हे न विचारता भात टाकावा, तसा प्रवाळ न ठरवता दिवा घेतला जातो. मग आतले जीव एक तर उपाशी राहतात, नाहीतर करपतात.

प्रवाळ दिसतं झाडासारखं किंवा दगडासारखं, पण तो प्राणी आहे, जेलीफिशचा भाऊबंद. त्याच्या पेशींच्या आत झूझँथेली नावाचं एकपेशीय शेवाळ राहतं. प्रवाळ त्याला आसरा देतं, स्वतःच्या शरीरातला कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन पुरवतं. शेवाळ उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला भाडं म्हणून देतं. उथळ पाण्यातल्या बऱ्याच प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाड्यातून येते. आपण दिवा निवडतो तो खरं तर या भाडेकरूसाठी.

सगळीच प्रवाळं अशी नसतात. मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळं भूमध्य समुद्राच्या अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढतं. त्याच्या अंगात हे शेवाळ नसतं, वाहत्या पाण्यातले कण पकडून ते जगतं. त्याच्यावर कितीही भारी दिवा लावला तरी उपयोग शून्य. घरच्या टँकसाठी विकली जाणारी बहुतेक प्रवाळं मात्र भाडेकरू ठेवणारी असतात.

आता एक गोष्ट दिव्याच्याही आधी, कारण दिव्याचं बजेट तिच्यावरच ठरतं. परदेशातले व्हिडिओ पाहून जे टँक आपल्याला आवडतात, त्यातली फांद्याफांद्यांची रंगीत प्रवाळं ही कठीण, म्हणजे चुन्याचा सांगाडा बांधणारी असतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळांचा समावेश झाला. सांगाडा बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे त्यात येतात. म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या रांगेत बसवलं आहे, आणि त्या रांगेतल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. मेलेलं प्रवाळही यातून सुटत नाही. समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ विकत घेताना म्हणूनच दहा वेळा विचार करा. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा कृत्रिम खडक तेच काम करतो. काही घरांत दृष्ट लागू नये म्हणून फ्रेम करून लावलेलं ‘इंद्रजाल’ असतं, तेही कुठल्या झाडाचं मूळ नसून काळं प्रवाळ किंवा समुद्रपंखाच असतो, हे जाता जाता सांगून ठेवतो. परदेशी कठीण प्रवाळं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटीस करारात येतात आणि त्यांना परवाने, नोंदणी हे सगळं लागतं. दुकानदार “कुछ नहीं होता” म्हणाला, तरी कागद त्याच्या नव्हे, आपल्या नावाचे लागतात.

उरतात ती मऊ प्रवाळं. मशरूम, झोअँथिड, लेदर, झेनिया, हिरव्या गालिच्यासारखं पसरणारं ग्रीन स्टार पॉलिप. तीही बिल घेऊनच घ्यावीत, आणि शक्यतो कुणाच्या तरी टँकमध्ये वाढलेल्या तुकड्यांच्या रूपात. ही यादी ऐकून काहींचा चेहरा पडतो. पडायचं कारण नाही. याच यादीमुळे दिव्याचा खर्च निम्म्याहून खाली येतो. कठीण, फांद्यांच्या प्रवाळांना जो प्रखर उजेड लागतो, त्याच्या निम्म्यात किंवा त्याहूनही कमी उजेडात ही मंडळी सुखाने नांदतात.

घरात लहान मुलं असतील तर झोअँथिडबद्दल एक सावधगिरी. त्यांच्यापैकी काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. हात लावताना हातमोजे आणि चष्मा घाला. ते चिकटलेला दगड कधी घासू नका आणि गरम पाण्यात तर मुळीच उकळू नका, वाफेतूनही बाधा होते. झाकण असलेला, मुलांच्या हाताला न लागणारा टँक असेल तरच घ्या, नाहीतर मशरूम आणि लेदर काय कमी सुंदर आहेत?

आता उजेड मोजायचा कसा, ते पाहू. दुकानात तीन आकडे दाखवतात: वॅट, लुमेन, केल्व्हिन. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, किती उजेड देतो ते नव्हे. शिवाय स्वस्त दिव्यांच्या खोक्यावरचा वॅटचा आकडा आणि प्रत्यक्ष ओढली जाणारी वीज यात बरंच अंतर असतं. प्लगमध्ये बसणारा साधा वॅटमीटर लावला की ते उघडं पडतं. लुमेन हा माणसाच्या डोळ्याला किती उजळ वाटतं याचा हिशोब. आपला डोळा हिरव्यापिवळ्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतो आणि गडद निळ्याला फार कमी. केल्व्हिनवरून फक्त उजेडाचा रंग कळतो: ६५०० म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, १०,००० पासून निळसर, २०,००० म्हणजे जवळजवळ निळाच.

शेवाळाला यातला एकही आकडा कळत नाही. त्याला कळतात प्रकाशाचे कण, फोटॉन. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किती फोटॉन एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, त्या मापाला आपल्या छंदात सगळे ‘पार’ म्हणतात आणि ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. भर दुपारच्या निरभ्र उन्हात जमिनीवर हा आकडा २००० च्या आसपास असतो. टँकमध्ये एवढा कुणालाच नको. मशरूमला ३० ते ७५ पुरतो. झोअँथिड, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप यांना ७५ ते १५०, लेदरला १०० ते १५०. फांद्यांच्या कठीण प्रवाळांसाठी जगभरचे छंदवाले २०० ते ३५० धरतात. एवढे आकडे लक्षात ठेवले तर दुकानातल्या निम्म्या गप्पा आपोआप गळतात. मऊ प्रवाळांच्या टँकसाठी आपल्याला खडकाच्या माथ्यावर १५० आणि वाळूजवळ ५० एवढाच उजेड हवा आहे.

मग निळा रंगच का? विजयदुर्गच्या पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटरवर, खुल्या समुद्रात, पाण्याखाली एक मोठं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला अँग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथाच पृष्ठभागापासून सुमारे २० मीटर खाली आहे, पाणी नितळ, आणि तिथे प्रवाळं आहेत. समुद्राचं पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं, नारिंगी आणि पिवळा त्याच्या मागोमाग जातो, खोलवर पोचतो तो निळा. लाखो वर्षं खालच्या थरांतलं शेवाळ त्याच उजेडावर जगत आलं. त्याची रंगद्रव्यं ४३० ते ४८० नॅनोमीटरच्या जांभळ्या-निळ्या पट्ट्यात भरपूर प्रकाश शोषतात. म्हणून प्रवाळांच्या दिव्यात निळ्याचं वजन जास्त. कुंडीतल्या किंवा गोड्या पाण्यातल्या वनस्पतींसाठीचा लालसर-गुलाबी दिवा इथे आणला, तर प्रवाळापेक्षा काचेवरचं नको असलेलं शेवाळच जास्त खूश होतं.

निळ्याचा दुसरा फायदा केवळ आपल्या डोळ्यांसाठी. बऱ्याच प्रवाळांत चमकणारी प्रथिनं असतात. ती निळा उजेड शोषून हिरवा, नारिंगी, लाल असा परत टाकतात. डिस्कोसोमा या मशरूमच्या लाल प्रथिनाची माहिती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींना खूण करण्यासाठी त्याचे प्रकार वापरतात. मोबाइलवरच्या फोटोंतली ती झगमग याच प्रथिनांची, आणि पुष्कळदा फोटो सुधारण्याच्या ॲपचीही. पांढऱ्या उजेडात तेच प्रवाळ तपकिरी दिसतं. विकत घेताना दुकानदाराला थोडा पांढरा उजेड लावायला सांगा, प्रकृती त्यातच कळते.

पण निळ्या दिव्याचा एक धोका असा आहे की नवशिक्यांची बहुतेक प्रवाळं त्यातच जातात. निळा उजेड डोळ्याला मंद वाटतो, फोटॉन मात्र भरपूर असतात. घरातलं कुणीतरी म्हणतं, “एवढा महाग दिवा, आणि अंधारच दिसतोय की!” मग मोबाइलवरच्या ॲपमधून तो १०० टक्क्यांवर नेला जातो. दोन दिवसांत मशरूम आक्रसतं, आठवड्यात झोअँथिड मिटून घेतं, पंधरा दिवसांत सगळं पांढरट. म्हणजे शेवाळाने घर सोडलं. दिवा ‘कमी पडला’ म्हणून मेलेल्या प्रवाळांपेक्षा ‘जास्त झाला’ म्हणून मेलेली मी जास्त पाहिली आहेत.

दिव्यांच्या प्रकारांवर फार शब्द खर्च करायची गरज आता उरलेली नाही. मेटल हॅलाइड हा जुना दादा माणूस. पाण्यावर सूर्यासारखी लहरती जाळी पाडतो, पण २५० वॅटचा एक दिवा आठ तास लावला की रोजचे दोन युनिट, आणि वर भट्टीसारखी उष्णता. आपल्याकडच्या मे महिन्यात तो लावणं म्हणजे पंखा लावून शेकोटीपुढे बसणं. टी-फाइव्ह नळ्या मला मनापासून आवडतात. उजेड सगळीकडे सारखा पडतो, सावल्या कडक होत नाहीत. दोन फुटांच्या टँकवर २४ वॅटच्या चार नळ्यांत मऊ प्रवाळं झकास वाढतात. अडचण एवढीच की ९ ते १२ महिन्यांनी नळ्या बदलाव्या लागतात आणि प्रवाळांसाठीच्या निळ्या नळ्या मिळणं कठीण होत चाललं आहे. म्हणून आज नवा टँक लावणाऱ्याला मी एलईडीच सांगतो. तो मंद-प्रखर करता येतो, निळा आणि पांढरा वेगवेगळा चालवता येतो, पाण्यात उष्णता कमी जाते. चांगला निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की ते जमवणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या छंदावर त्यांचे उपकार आहेत.

एक सरळ उदाहरण घेऊ. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक, म्हणजे ६० × ४५ × ४५ सेंटिमीटर, साधारण १२० लिटर. फ्लॅटच्या हॉलमध्ये मावतो आणि पाण्याचं तापमान, क्षार पटकन हलत नाहीत एवढा मोठाही आहे. यावर प्रत्यक्षात ५० ते ७० वॅट ओढणारा, प्रवाळांसाठीच बनवलेला, मंद-प्रखर होणारा एक एलईडी पाण्यापासून २० ते २५ सेंटिमीटर वर टांगला की मऊ प्रवाळांसाठी पुष्कळ झाला. तो बहुतेक वेळा ५०-६० टक्क्यांवरच चालेल. टँक चार फुटांचा असेल तर एकच भारी दिवा मध्ये लावू नका, दोन मध्यम दिवे लावा. एका दिव्याखाली मधलं प्रवाळ भाजतं आणि कोपऱ्यातलं उपाशी राहतं. दिवा वर नेला की उजेड पसरतो आणि सौम्य होतो, खाली आणला की एका जागी गोळा होतो. त्यामुळे ठोकून बसवण्यापेक्षा उंची बदलता येणारा स्टँड बरा. दुकानदाराला विचारायचा एकच प्रश्न: “या दिव्याचा, एवढ्या उंचीवरून, एवढ्या खोलीवरचा पारचा तक्ता आहे का?” चांगल्या बनावटीच्या दिव्याला तो असतो. नसेल तर भाव करायला आपल्याला जागा मिळाली.

पाण्याखाली चालणारा पार मीटर महाग येतो, एका टँकसाठी तो विकत घेणं मला पटत नाही. शहरात चार-पाच जण हा छंद करणारे असतील तर मिळून एक घ्यावा, सार्वजनिक गणपतीची वर्गणी काढतो तशी. वर्षातून दोनदा प्रत्येकाच्या घरी जाऊन मोजला की काम झालं. मोबाइलमधली लक्स मोजणारी ॲप निळ्या उजेडाखाली फसवतात, कारण लक्स हा पुन्हा माणसाच्या डोळ्याचाच हिशोब. त्यांचा उपयोग तुलनेपुरता: उजवा कोपरा डाव्यापेक्षा किती अंधारा, एवढं त्यातून कळतं.

नवा दिवा लावला किंवा नवं प्रवाळ आणलं की पहिले काही दिवस उजेड ३०-४० टक्के ठेवा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. नवं प्रवाळ आधी वाळूवर, मग खडकाच्या मध्यावर, अशा पायऱ्या चढू द्या. दिवसाला आठ तास पूर्ण उजेड, आधी आणि नंतर अर्धा-एक तास मंद निळा, एवढं पुरे. घाई करून चार तास दुप्पट उजेड देण्यापेक्षा आठ तास निम्मा दिलेला बरा. शेवाळाचीही पोट भरायची मर्यादा असते, त्यापुढचा उजेड त्याला त्रासच देतो. आणि रात्री खरा अंधार हवा. “मासे झोपतात तरी कधी?” हा घरातल्या आजींचा प्रश्न अगदी रास्त आहे.

पुढे मीटरपेक्षा प्रवाळच जास्त सांगतं. झोअँथिड देठ लांब करून वर ताणलं, मशरूम ताटासारखं पसरून पातळ झालं, तर उजेड कमी पडतोय. रंग तपकिरी झाला तर शेवाळाने आपली संख्या वाढवली आहे. हेही बहुतेक वेळा कमी उजेडाचं, किंवा पाण्यात जास्त झालेल्या नायट्रेटचं लक्षण. मशरूम कडा आत वळवून गोळा झालं, रंग फिका पडला, तर उजेड जास्त. लेदर मात्र आठवडाभर मिटून, मेणचट कात टाकतं आणि पुन्हा फुलतं. त्याला घाबरून दिवा बदलू नका.

आता आपल्या उन्हाचं. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर इथे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, आणि टँकला हवं असतं २५ ते २७ अंश. उष्णता आणि प्रखर उजेड एकत्र आले की शेवाळाची अन्न बनवायची यंत्रणा बिघडते, त्यातून प्राणवायूची घातक रूपं तयार होतात, आणि प्रवाळ स्वतःच भाडेकरूला बाहेर काढतं. समुद्रातही नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापमान काही आठवडे टिकलं की प्रवाळं पांढरी पडतात. म्हणून उन्हाळ्यात दिव्याची प्रखरता १५-२० टक्क्यांनी उतरवून ठेवा आणि दिव्याची वेळ दुपारी तीन-चारनंतर सुरू करा. प्रवाळाला घड्याळ कळत नाही, आणि संध्याकाळी घरी आल्यावर टँक उजळलेला दिसतो. पाण्यावर वारा मारणारा छोटा पंखा कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरवतो. गोव्याच्या दमट हवेत त्याचा जोर कमी पडतो, तिथे चिलरला पर्याय राहत नाही. पंख्याने पाणी उडतं, मीठ उडत नाही. भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे.

बिलाचा प्रश्न घरात येणारच. ६० वॅटचा एलईडी ६० टक्क्यांवर आठ तास चालला तर महिन्याला नऊच्या आसपास युनिट होतात. तुमच्या बिलावरचा दर लावून बघा, आईबाबांना समजावता येईल असा आकडा निघतो. खरा खर्च चिलरचा, तो आधीच सांगून ठेवलेला बरा. वीज गेली तर दिव्याला इन्व्हर्टर देऊ नका. प्रवाळं एक-दोन दिवस अंधार सहज काढतात, पण पाणी थांबलं तर काही तासांत प्राणवायू संपतो. इन्व्हर्टरवर पाणी हलवणारा पंप किंवा हवेचा पंप लावा.

खारं पाणी आणि वीज यांची दोस्ती नसते. टँकच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वायरमनकडून बसवून घ्या. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता तिथेच ठिबकेल. दिव्याच्या काचेवर आठवड्यात मिठाचा थर बसतो आणि उजेड खातो. दिवा बंद करून, थंड झाल्यावर, आरओच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसायचा. ‘दिव्याची शक्ती गेली’ अशा तक्रारी बऱ्याचदा या फडक्यानेच मिटतात.

कठीण प्रवाळं पाहायची हौस राहून गेली असेल तर बडोदेकरांना ती फार लांब नाहीत. जामनगरकडच्या कच्छच्या आखातात, १९८२ मध्ये जाहीर झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, नरारा नावाची जागा आहे. ओहोटीच्या वेळी वनखात्याच्या परवानगीने, वाटाड्याबरोबर, घोटाभर पाण्यात चालत जिवंत प्रवाळं पाहता येतात. तिथलं पाणी गढूळ, उजेड बेताचा, आणि तरीही ती तिथे टिकून आहेत. थंडीत जा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी पाहा, जाड तळव्याचे बूट घाला, आणि पाय वाळूवरच ठेवा.